बेडफर्डचा कल्हईवाला : जॉन बनियन ह्याचें चरित्र

खेडोपाडीं फिरणाऱ्या उपदेशकास एक प्रश्न वारंवार ऐकावा लागतो. बाप्तिस्मा होऊन पुष्कळ वर्षें लोटलेलीं असतात, मनुष्य उपासनेस नेमानें येत असतो, आणि तरीहि एखाद्या दिवशीं सर्व लोक उठून गेल्यावर तो मागें रेंगाळतो व हळूच विचारतो कीं, माझ्या हातून जें घडलें तें क्षमेच्या पलीकडचें तर नसेल ना? असा विचार जगांत आपल्या एकट्याच्याच मनांत आला आहे असें त्यास वाटत असतें, आणि म्हणूनच तो तें चारचौघांत बोलत नाहीं.

ज्या मनुष्यानें हाच प्रश्न कित्येक वर्षें उराशीं बाळगिला, आणि ज्याच्या लेखणींतून निघालेली त्या प्रश्नाची कथा पुढें दोनशेंहून अधिक भाषांत गेली, त्याचें हें चरित्र आहे. त्याचें नांव जॉन बनियन. आपल्या मराठींत त्याचें पुस्तक हरि केशवजी ह्यांनीं १८४१ सालीं 'यात्रिकक्रमण' ह्या नांवानें आणिलें. बाबा पदमनजींचें 'यमुनापर्यटन' १८५७ सालीं निघालें. त्याच्याहि सोळा वर्षें आधीं पाठीवर ओझें घेतलेला हा यात्रेकरू मराठी बोलूं लागला होता. त्याची कथा पुष्कळांस ऐकून माहीत असते. ती लिहिणाऱ्यानें काय सोसलें तें मात्र फारसें सांगितलें जात नाहीं.

इंग्लंडांत बेडफर्ड म्हणून एक शहर आहे. त्याच्याजवळ एल्स्टो नांवाचें खेडें आहे. तेथील देवळाच्या दप्तरांत १६२८ सालच्या नोव्हेंबरच्या ३० तारखेस जॉनच्या बाप्तिस्म्याची नोंद आहे. बाप थॉमस हा गांवोगांव फिरून फुटकीं भांडीं सांधणारा, कल्हई लावणारा मनुष्य. पुलगांवच्या बाजारांत किंवा आर्वीच्या वाटेवरील खेड्यांत झाडाखालीं भाता व भट्टी मांडून बसणारा कल्हईवाला ज्यांनीं पाहिला आहे, त्यांस हा धंदा समजावून सांगावयास नको. स्टेनलेस स्टीलच्या भांड्यांनीं तो आतां जवळजवळ बुडविलाच आहे. परंतु ज्या काळीं तो चालत होता त्या काळींहि त्यांत मान नव्हता आणि पैसाहि बेताचाच होता. बापानें मुलास लिहावयास-वाचावयास शिकविलें, तेवढेंच त्याचें शिक्षण. पुढें तोच धंदा जॉनच्याहि हातीं आला. त्याचा लोखंडी ऐरण अद्याप बेडफर्ड येथें जपून ठेविलेला आहे.

१६४४ सालच्या उन्हाळ्यांत त्याची आई वारली. एक महिन्यानें बहीण मार्गारेट गेली. आणखी एक महिना होतो न होतो तोंच बापानें दुसरें लग्न केलें. मुलगा तेव्हां पंधरा वर्षांचा होता. त्यानंतर कांहीं महिन्यांतच तो राजाविरुद्ध लढणाऱ्या पार्लमेंटच्या फौजेंत शिपाई म्हणून न्यूपोर्ट पॅग्नेल येथील ठाण्यावर दाखल झालेला दिसतो. एकदां एका ठिकाणास वेढा पडला असतां त्याची पाळी आली. पण दुसरा एक शिपाई त्याच्या जागीं जावयास तयार झाला, आणि पहाऱ्यावर उभा असतां डोक्यांत गोळी लागून तो मरण पावला. आपल्या बदली दुसरा मेला, ही गोष्ट बनियन कधीं विसरला नाहीं. त्या वेळीं मात्र त्यानें तिचा अर्थ शोधिला नाहीं.

१६४७ सालीं तो घरीं परतला व थोड्याच काळानें त्यानें लग्न केलें. ह्या पहिल्या बायकोचें नांवसुद्धां कोठें टिकलेलें नाहीं. दोघेंहि इतकीं गरीब कीं घरांत धड ताट नव्हतें कीं चमचा नव्हता. आंदण म्हणून तिनें बापाकडून दोन धार्मिक पुस्तकें आणिलीं होतीं, तीं नवराबायको मिळून वाचीत. १६५० सालीं पहिली मुलगी झाली. तिचें नांव मेरी. ती जन्मांध होती.

त्या काळांत बनियन लोकांच्या दृष्टीनें कांहीं मोठा दुराचारी नव्हता. शिव्याशाप देणें, नाचणें, देवळाची घंटा वाजविण्याच्या खेळांत रमणें आणि शब्बाथ दिवशीं गांवच्या मैदानावर विटीदांडू खेळणें, एवढे त्याचे गुन्हे. इंग्लंडांतहि असा खेळ होता आणि तो आपल्या खेळासारखाच होता. एका रविवारीं सकाळचा उपदेश त्याच्या मनाला लागला होता; पण जेवण झालें, आणि उपदेश जेवणाबरोबर पोटांत गेला. तो खेळावयास आला. विटीला एक टोला देऊन दुसरा देणार, इतक्यांत त्यास भासलें कीं आकाशांतून कोणी विचारीत आहे : पाप सोडून स्वर्गांत येणार, कीं पाप धरून नरकांत जाणार? हात तसाच उचललेला राहिला. मग त्यानें मनाशीं ठरविलें कीं आतां फार उशीर झाला आहे, क्षमा मिळण्याची वेळ गेली. आणि जर बुडावयाचेंच आहे तर थोड्या पापाबद्दल बुडण्यापेक्षां पुष्कळ पापाबद्दल बुडावें. आणि तो पुढें खेळूं लागला. वाचकहो, निराशेची ही चाल नीट ध्यानांत घ्यावी. मनुष्य पाप करितो तें दर वेळीं सुखाच्या आशेनें करितो असें नाहीं. आतां आपलें कांहीं उरलें नाहीं असें वाटूनहि करितो.

पुढें एका बाईनें, जी स्वतः कांहीं सद्गुणी नव्हती, त्याला त्याच्या शिव्यांबद्दल खडसाविलें. तेव्हां तो शरमला व शिव्या सुटल्या. नाच सुटला. घंटा वाजविणें सुटलें, पण ती ओढ सुटेना. तो जाऊन नुसता पाहत उभा राही. मग भय वाटे कीं घंटा तुटून अंगावर पडेल. म्हणून तुळईखालीं उभा राही. मग वाटे, भिंतीवर आपटून उसळली तर? म्हणून दारांत उभा राही. शेवटीं घंटाघरच कोसळेल असें वाटून तेथून त्यानें पळच काढिला. वाचतांना हंसूं येतें. पण ज्यानें धर्म हा केवळ भयानें धरिला आहे त्याचें चित्र ह्याहून खरें काढितां येणार नाहीं. शेजारी मात्र त्याची वाहवा करूं लागले, आणि ती त्याला आवडूंहि लागली.

एके दिवशीं धंद्यानिमित्त तो बेडफर्ड येथें गेला असतां तीनचार गरीब बायका दाराशीं उन्हांत बसून बोलत होत्या. धर्माच्या गोष्टी आपणांसहि येतात अशा समजुतीनें तो जवळ गेला, आणि त्याला त्यांचें बोलणें समजेना. त्या नव्या जन्माविषयीं, आपल्या अंतःकरणाच्या दुष्टपणाविषयीं आणि देवानें ख्रिस्तांत केलेल्या प्रीतीविषयीं बोलत होत्या, आणि बोलतांना त्या आनंदांत होत्या. हा आनंद त्यास नवा होता. ह्या बायका जॉन गिफर्ड ह्या पाळकाच्या मंडळींतल्या. गिफर्डचीहि गोष्ट सांगण्याजोगी आहे. तो राजाच्या फौजेंत मेजर होता. पकडला गेला, फांशीची शिक्षा झाली, पहारेकरी झोपले असतां बहिणीच्या मदतीनें पळाला, बेडफर्ड येथें वैद्यकी करूं लागला, आणि जुगार व दारू ह्यांत बुडाला. एके रात्रीं जुगारांत मोठी रक्कम हरल्यावर एक पुस्तक त्याच्या हातीं पडलें व त्यांतून त्याचें मन पालटलें. ज्या शहरांत लोक त्याला जुगारी म्हणून ओळखीत, त्याच शहरांत तो पाळक झाला. मरणाची शिक्षा झाली असतां वांचलेला मनुष्य कृपेविषयीं कसें बोलत असेल, ह्याची कल्पना करावी.

बनियन ह्या मंडळींत येऊं लागला, आणि येथून त्याचें खरें संकट सुरू झालें. पुष्कळांस वाटतें कीं मंडळींत आलें म्हणजे मनाचे हाल थांबतात. त्याचे वाढले. आपण निवडलेल्यांपैकीं आहों काय, कृपेचा दिवस टळून तर गेला नाहीं ना, असले प्रश्न त्यास रात्रंदिवस छळूं लागले. मग जवळजवळ एक वर्षभर एकच विचार त्याच्या डोक्यांत घण घालीत राहिला : ख्रिस्ताला विकून टाक, ह्याच्यासाठीं विक, त्याच्यासाठीं विक. जेवतांना, लांकूड फोडतांना, कांहींहि करितांना हेंच. तो हातापायांनीं जणूं त्या विचारास ढकलून देई व नाहीं, नाहीं असें म्हणत राही. एके सकाळीं अंथरुणांत पडला असतां तो थकला, आणि त्याच्या मनांत येऊन गेलें कीं त्याची इच्छा असेल तर जावो. एवढेंच. ओठ हालले नाहींत, कोणी ऐकलें नाहीं. पण झाडाच्या शेंड्यावरून गोळी लागून पांखरूं पडावें तसा तो निराशेंत पडला. एसावानें एका जेवणासाठीं आपलें ज्येष्ठपण विकलें आणि मागाहून रडूनहि तें त्याला मिळालें नाहीं, हा शास्त्रांतील दाखला त्याच्या छातींत रुतून बसला. इटलींत फ्रान्सिस स्पायरा नांवाचा एक वकील सोळाव्या शतकांत आपला विश्वास नाकारून निराशेंत मेला होता. त्याची हकीकत त्यानें वाचली, आणि ती जखमेवर मीठ चोळल्यासारखी झाली.

ह्या काळांतील एक प्रसंग उपदेशक बंधूंनीं विशेष लक्षांत ठेवावा. बनियननें धीर करून एका वृद्ध ख्रिस्ती मनुष्यास आपलें सर्व सांगितलें, व पवित्र आत्म्याविरुद्ध जें अक्षम्य पाप तें आपल्या हातून घडलें असावें अशी भीति बोलून दाखविली. म्हाताऱ्यानें शांतपणें उत्तर दिलें कीं, मलाहि तसेंच वाटतें! तो मनुष्य दुष्ट नव्हता. सैतानाशीं झुंजणें काय असतें हें त्यास माहीत नव्हतें, इतकेंच. बनियननें पुढें त्याच्याविषयीं हेंच लिहिलें आहे. पण आजारी मनुष्यानें नाडी दाखवावी आणि वैद्यानें मान हालवावी, तसा हा प्रकार झाला. आपल्याकडे कोणी असें मन उघडें करील तेव्हां घाईनें उत्तर न देणें बरें. शिवाय ज्याला आपल्या पापाचें इतकें दुःख आहे त्याचें अंतःकरण कठीण झालेलें नाहीं, हें तर त्या म्हाताऱ्यासहि दिसावयास हवें होतें.

सुटका एकदम आली नाहीं. ल्यूथरनें गलतीकरांस पत्रावर केलेल्या टीकेची एक जीर्ण प्रत ह्या संकटापूर्वीं त्याच्या हातीं आली होती, आणि दुसऱ्या कोणी आपलेंच अंतःकरण पाहून लिहावें तशी ती त्यास वाटली होती; शास्त्राखालोखाल तो तिला मान देई. पण तीहि पुरी पडली नाहीं. पौलाला अशक्तपणांत जें वचन मिळालें, कीं देवाची कृपा पुरे आहे, तें त्यास आठवे. परंतु त्यांतील ज्या शब्दांनीं ती कृपा ऐकणाऱ्यापर्यंत येते, म्हणजे तुला पुरे, तो भाग त्याच्या मनांत येईना. कृपा आहे, पुष्कळ आहे, पण ती मजसाठीं आहे काय? कित्येक आठवडे तो ह्या एका शब्दासाठीं प्रार्थना करीत राहिला. अखेर एके दिवशीं सभेंत बसला असतां तें संपूर्ण वचन तीन वेळां त्याच्या अंतःकरणावर आदळलें. त्यानंतरहि चढउतार झाले. मग एकदां शेतांतून जात असतां त्यास उमगलें कीं आपलें नीतिमत्त्व आपल्या मनाच्या स्थितींत मुळींच नाहीं. तें स्वर्गांत, देवाच्या उजवीकडे बसलेल्या ख्रिस्तामध्यें आहे. आज मन प्रसन्न आहे म्हणून तें वाढत नाहीं, उद्यां उदास झालें म्हणून तें घटत नाहीं. त्या दिवशीं त्याच्या पायांतल्या बेड्या गळून पडल्या. लोखंडाच्या बेड्या अजून यावयाच्या होत्या.

तो उपदेश करूं लागला व लोक दुरून ऐकावयास येऊं लागले. १६५८ सालीं बायको वारली. चार लहान मुलें मागें राहिलीं. पुढल्या वर्षीं त्यानें एलिझाबेथ नांवाच्या तरुण स्त्रीशीं लग्न केलें. १६६० सालीं राजा दुसरा चार्ल्स गादीवर परत आला आणि सरकारी चर्चच्या बाहेर जमून उपासना करणाऱ्यांवर जुने कायदे पुन्हां चालूं झाले. नोव्हेंबरच्या १२ तारखेस लोअर सॅमसेल ह्या वस्तींत बनियन उपदेश करणार होता. वॉरंट निघाल्याची बातमी आधींच कळली होती. पळून जाण्यास वेळ होता. पण नव्या विश्वासणाऱ्यांस धीर देणारा आपणच पळालों तर त्यांचें काय होईल, असा विचार करून तो राहिला व पकडला गेला. उपदेश करणार नाहीं असें वचन दिलें असतें तर तो घरीं जाऊं शकला असता. त्यानें तें दिलें नाहीं, आणि बेडफर्डच्या तुरुंगांत त्यास बारा वर्षें काढावीं लागलीं.

एलिझाबेथ तेव्हां गरोदर होती. नवरा पकडल्याच्या धक्क्यानें तिला अकालीं वेणा लागल्या व मूल गेलें. १६६१ च्या ऑगस्टांत ही खेड्यांतली बाई एकटीच बेडफर्डच्या स्वान खाणावळींत बसलेल्या न्यायाधीशांपुढें जाऊन उभी राहिली. घरीं चार सावत्र लेंकरें आहेत, त्यांत एक आंधळें, आणि लोकांच्या दयेवांचून पोटाला कांहीं नाहीं, असें तिनें सांगितलें. सर मॅथ्यू हेल ह्यांना दया आली, पण कायद्यापुढें त्यांचें चाललें नाहीं. दुसरे न्यायाधीश तिच्यावर ओरडले. ती रडत बाहेर पडली. तिनें दुःख केलें तें ह्या मोठ्या लोकांस एके दिवशीं प्रभूपुढें जो हिशेब द्यावा लागेल त्याबद्दल अधिक केलें.

तुरुंगांत बनियन बुटांच्या लांब नाड्या करून त्यांच्या टोंकांस पत्रा बसवी. अशा हजारों नाड्या त्यानें केल्या आणि त्या विकून घरीं पैसे धाडले. परंतु आपण आपलेंच घर बायकामुलांच्या डोक्यावर पाडीत आहों असें त्यास वाटे, आणि सर्वांत अधिक जीव तुटे तो आंधळ्या मेरीसाठीं. तिच्यावर वारा वाहिलेलाहि ज्याला सोसवत नसे, तो तिला उपाशी ठेवून कोठडींत बसला होता. बाप सुटण्यापूर्वींच मेरी मरण पावली.

येथें प्रस्तुत लेखकास थोडें थांबावेंसें वाटतें. पुष्कळ चरित्रकार हा भाग वीरकथेप्रमाणें सांगतात. बनियननें तो तसा सांगितलेला नाहीं. आपण बरोबर करीत आहों अशी त्याची खात्री होती, आणि तरीहि आपण कोणास दुखवीत आहों हें तो एक क्षणभरहि विसरला नाहीं. आमच्या खेड्यांतून ज्यांस विश्वासासाठीं आईबापांचें घर सोडावें लागलें, त्यांस ह्या दोन गोष्टी एकाच छातींत कशा राहतात तें माहीत आहे.

१६६६ सालीं त्यानें तुरुंगांतूनच आपल्या अंतःकरणाची हकीकत प्रसिद्ध केली. वर सांगितलेलें बहुतेक त्याच पुस्तकांतलें आहे. १६७२ सालीं राजानें सवलत दिली तेव्हां तो सुटला, आणि सुटण्याच्या सुमारासच मंडळीनें त्यास आपला पाळक निवडिलें. पुढें आणखी सुमारें सहा महिने तो कैदेंत होता. यात्रेकरूच्या स्वप्नाची कथा तुरुंगांतच सुरू झाली. ती लिहून झाल्यावर त्यानें मित्रांस दाखविली, आणि मित्रांत दोन तट पडले. कित्येक म्हणाले छाप. कित्येक म्हणाले छापूं नको. राक्षस, सिंह, भुतें, बोलणारीं स्वप्नें, असल्या कल्पित गोष्टींत देवाचें सत्य कसें घालावें? हा आक्षेप आजहि ऐकूं येतो. बनियनचें म्हणणें असें पडलें कीं संदेष्टे दृष्टांतांत बोलले, प्रभूनें स्वतः बी पेरणाऱ्याच्या व हरवलेल्या मेंढराच्या गोष्टी सांगितल्या. मग गोष्टीचें भय कशाला? १६७८ सालीं पुस्तक निघालें, त्याच वर्षीं दुसरी आवृत्ति काढावी लागली, आणि त्याच्या हयातींत दहांहून अधिक आवृत्त्या झाल्या.

आपल्याकडे भुताखेतांच्या कथांस तोटा नाहीं. त्यांत भय बाहेरून येतें : पिंपळावरून, मसणवटींतून, कोणाच्या तरी करणींतून. बनियनच्या कथेंतहि अपल्लुओन नांवाचा पंख असलेला राक्षसी शत्रु आहे आणि मृत्यूच्या छायेच्या दरींत पिशाच्चें आहेत. परंतु यात्रेकरू घाबरतो तो त्यांच्या आधींपासून, आपल्याच पाठीवरच्या ओझ्यामुळें. तें ओझें त्यानें वाटेंत उचललेलें नाहीं. घरांतूनच तें त्याच्या पाठीवर आहे. कौंडण्यपुराहून पंढरीस निघणाऱ्या दिंडीत प्रत्येकाच्या डोईवर वा पाठीवर वळकटी असते; ती मुक्कामाला उतरतां येते. हें ओझें उतरत नाहीं. जगज्ञानी नांवाचा एक सभ्य गृहस्थ त्यास सांगतो कीं जवळच्या गांवांत नियमशास्त्राप्रमाणें नीट वागणारा एक मनुष्य राहतो, तो तें उतरवून देईल. पण तिकडे वळतांच डोंगर अंगावर येऊं लागतो व ओझें अधिकच जड होतें. तें पडतें तें वधस्तंभापुढें. यात्रेकरू हात लावीत नाहीं, गांठ सोडीत नाहीं. तो नुसता पाहतो, आणि तें सुटून गडगडत उघड्या कबरेंत जातें व पुन्हां दिसत नाहीं.

त्या अंधाऱ्या दरींतली एक गोष्ट मला साऱ्या पुस्तकांत अधिक मोलाची वाटते. एक पिशाच्च मागून हळूच येऊन यात्रेकरूच्या कानांत देवाची निंदा कुजबुजतें, आणि त्या बिचाऱ्यास वाटतें कीं हे शब्द आपल्याच मनांतून निघाले. अंथरुणांत पडून ज्यानें एका विचारासाठीं वर्षानुवर्षें स्वतःस शिक्षा केली, त्यानेंच हें लिहावें! लोखंडी पिंजऱ्यांत बसलेला तो निराश मनुष्यहि असाच. त्यांत स्पायरा आहे आणि बनियन आहे. त्याचें पुढें काय झालें तें कथा सांगत नाहीं. निराशा नांवाच्या राक्षसाच्या संशयगडावर यात्रेकरू व त्याचा सोबती बुधवारपासून कोंडलेले असतात, मार खातात, जीव द्यावा काय असाहि विचार करितात. शनिवारीं मध्यरात्रीं प्रार्थनेस लागतात, आणि पहांटेच्या सुमारास यात्रेकरूस आठवतें कीं वचन नांवाची किल्ली सारा वेळ आपल्याच छातीशीं होती. बाहेरच्या दाराचें कुलूप मात्र फार जड जातें. बनियननें तें सोपें केलें नाहीं. आणि शेवटल्या नदींत, पलीकडे नगर दिसत असतां, जुनीं पापें आठवून यात्रेकरू बुडूं लागतो व सोबती त्याचें डोकें पाण्यावर धरून ठेवितो.

कथेंतील एक जागा अनेकांस खुपते. यात्रेकरू निघतो तेव्हां बायकामुलें मागें हाका मारीत असतां तो कानांत बोटें घालून पळतो. ख्रिस्ती होणारा आपलीं माणसें टाकून जातो, हा आरोप ज्या गांवांत रोज ऐकावा लागतो तेथें हें चित्र फार जपून सांगावें. बनियनसहि तें अपुरें वाटलें असावें, कारण १६८४ सालीं त्यानें दुसरा भाग लिहिला, व त्यांत तीच बायको आपल्या चार मुलांस घेऊन निघते. तिला सलतें तें हें कीं आपण नवऱ्याशीं कठोरपणें वागलों. तिच्याबरोबर दया नांवाची शेजारीण आहे. तिला कोणी बोलाविलेलें नाहीं म्हणून ती दाराबाहेर थरथरत उभी राहते आणि मूर्च्छित होते, आणि धनी स्वतः तिला हात धरून आंत घेतो. पहिल्या भागांत एकटा मनुष्य धांवतो. दुसऱ्यांत मंडळी चालते, आणि लंगड्यांच्या चालीनें चालते. तरुण बनियननें लिहिला असता तर हा भाग असा झाला नसता. तो आतां पंचावन्न वर्षांचा पाळक होता व पुष्कळ दुबळ्या लोकांच्या उशाशीं बसला होता.

त्यांतील एका यात्रेकरूचें नांवच भित्रा आहे. तो निराशेच्या चिखलाशीं महिनाभर पडून राहिला. सिंहांना तो भ्याला नाहीं, व्यर्थतेच्या बाजारांत तर तो साऱ्यांशीं भांडावयास उठला. भीति एकच, कीं शेवटीं आपल्याला आंत घेतील कीं नाहीं. तो नदीशीं आला तेव्हां तिला पूर्वीं कधींहि नव्हतें इतकें कमी पाणी होतें. श्रावणांतली वर्धा आणि वैशाखांतली वर्धा ज्यांनीं पाहिली आहे त्यांस ह्याचा अर्थ कळेल. आणखी एका निराश बापाची अत्यंत भित्री मुलगी शेवटीं त्या नदींतून गात गात गेली. ती काय गात होती तें मात्र कोणास कळलें नाहीं. येथें मेरीची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं. पहिल्या भागाच्या अखेरीस अज्ञान नांवाचा मनुष्य स्वर्गाच्या दारापासूनच नरकांत नेला जातो. तें चित्र कठोर आहे, आणि कोंवळ्या मनाच्या ऐकणाऱ्यांस तें सांगतांना ह्या मुलीची गोष्टहि बरोबर सांगावी.

मोठी कीर्ति होऊनहि बनियन बेडफर्ड येथेंच राहिला. १६८५ सालच्या डिसेंबरांत, पुन्हां कैद होईल ह्या भीतीनें, त्यानें आपली सर्व मालमत्ता एलिझाबेथच्या नांवें करून दिली. त्या कागदांत स्वतःचा धंदा त्यानें कासारकी असाच लिहिला आहे.

१६८८ च्या ऑगस्टांत त्याच्या ओळखीच्या एका तरुणाचा आपल्या बापाशीं तंटा होऊन बाप त्यास वारसा नाकारण्यास निघाला होता. बनियन घोड्यावर बसून रेडिंग शहरीं गेला, बापाशीं बोलला, आणि मुलास क्षमा करण्याचें त्याच्याकडून कबूल करवून घेतलें. तेथून तो लंडनास निघाला. सुमारें चाळीस मैलांची वाट, आणि पाऊस कोसळत होता. भिजून चिंब झालेला तो जॉन स्ट्रडविक ह्या किराणा व्यापाऱ्याच्या घरीं उतरला. १९ तारखेस त्यानें शेवटचा उपदेश केला, ताप वाढला, आणि ३१ तारखेस तो मरण पावला. लंडनच्या बनहिल फील्ड्स ह्या स्मशानभूमींत त्याची कबर आहे. एकोणिसाव्या शतकांत ती दुरुस्त करितांना तिच्या दोन बाजूंस दोन चित्रें कोरिलीं. एकांत यात्रेकरू ओझ्यानें वांकून चालला आहे. दुसऱ्यांत तो वधस्तंभाशीं पोंचला आहे आणि ओझें नुकतें पाठीवरून सुटत आहे.